कोरड्या व सुरक्षित जागी ठेवावे

निवृत्त होऊन अमरावतीला राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी नातीची पत्रिका घेऊन घरी आल्या. मी आयुष्यभर ताऱ्यांचं काम केलं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "मंगळ कडक हाय म्हनतात, तुमी पाहून सांगा न," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला अर्धंच सांगितलं कुणी. मी ताऱ्यांचं नाही, ताऱ्यांभोवतीच्या धुळीचं काम केलं." त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या टीव्हीवरच्या धुळीकडे पाहिलं. चहा घेऊन गेल्या, पण पत्रिका पुन्हा आणली नाही. तेव्हापासून आमच्या कॉलनीत मी 'धुळीवाल्या मॅडम' आहे, आणि खरं सांगते, मला ते नाव आवडतं. साहेबलोकांनी दिलेल्या कुठल्याही पदनामापेक्षा ते कामाच्या जास्त जवळ जातं.

हे काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. आकाशात नवे तारे जन्मतात ते वायूच्या आणि धुळीच्या ढगांत. ही धूळ आपल्या रस्त्यावरच्या धुळीहून फार बारीक, धुरातल्या कणांएवढी. त्यात एखादा दांडगा तारा जन्मला की त्याच्या प्रखर किरणांनी भोवतालचा वायू फुटतो, अणूंमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. त्याला आयनीभूत वायू म्हणतात. हा वायू चमकतो, पण त्यातली आणि त्याच्या कडेची धूळ ताऱ्याचा प्रकाश पिऊन टाकते. इतका पिते की पुष्कळदा आतला तारा साध्या दुर्बिणीतून दिसतच नाही. मात्र प्रकाश प्यायलेली धूळ तापते, आणि तापलेली वस्तू उष्णता बाहेर टाकते. ती उष्णता म्हणजे अवरक्त किरण. ते मोजले की धूळ किती आहे, किती तापली आहे, तिच्या पोटात कुठे नवा तारा दडलाय का, हे सगळं सांगता येतं. तापली म्हणजे किती? शून्याखाली सव्वादोनशे अंश. एवढ्या थंडीला आम्ही आमच्या धंद्यात 'ऊबदार' म्हणतो. लोक हसतात, हसू देत.

अडचण अशी की हे किरण आपल्या हवेतली वाफ वाटेतच गिळते. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. आमची संस्था ती फुग्याला बांधून न्यायची. फुगा म्हणजे जत्रेतला नव्हे. भरात आला की चार-सहा घरं पोटात घेईल एवढा, पातळ प्लास्टिकचा. तो तीस किलोमीटरच्या वर जायचा, दुर्बीण रात्रभर बघायची, आणि पहाटे जमिनीवरून इशारा दिला की दुर्बीण सुटून पॅराशूटला लटकत खाली यायची. खाली म्हणजे कुठे, ते वारा ठरवायचा. फुगा सुटायचा दक्षिणेत, हैदराबादेच्या बाजूला, आणि बऱ्याचदा यंत्रं पडायची माझ्या माहेराकडे. एकदा तिवशाजवळ फुग्याचं प्लास्टिक कडब्याच्या गंजीवर इतकं नेटकं पांघरलेलं सापडलं, की आमच्या कारागिरांनाही तसं घडी घालता आलं नसतं. ते आम्ही मागितलंच नाही.

मी मूळची पातूरची. आमचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा मळा, झेंडू-शेवंतीचे हार करून वडील अकोल्याला धाडायचे. तिथून मी शिकत शिकत मुंबईच्या संस्थेत पोचले. पहिल्याच महिन्यात जेवणाच्या टेबलावर "मले नोको" म्हणाले आणि अख्खं टेबल हसलं. वाईट हसले नाहीत, पण हसले. त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे असं मराठी बोलायचं की पुण्याच्या माणसानं शब्दकोश उघडला पाहिजे. आणि जिद्दीनं तसं बोलत राहिले. इतकं, की यंत्रावर चिकटवायची मराठी सूचना लिहायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं माझं नाव घेतलं. मी लिहिलं: 'हे वैज्ञानिक उपकरण आहे. निर्धोक आहे. उघडू नये. सापडल्यास कोरड्या व सुरक्षित जागी ठेवावे व नजीकच्या पोलीस ठाण्यास कळवावे.' प्रत्येक पेटीवर इंग्रजी, तेलुगू आणि हिंदीच्या खाली माझं हे मराठी असायचं. त्यातला तो 'नजीकच्या' मला विशेष आवडायचा.

माझं खरं काम मात्र डिटेक्टरचं. दुर्बिणीच्या आरशानं गोळा केलेली उष्णता ज्या चिमुकल्या चकतीवर पडते ती चकती, आणि तिला द्रव हीलियममध्ये गारठवून ठेवणारं भांडं. असा एक नवा संच मी सहा वर्षं खपून बनवला होता. आमच्या गटाचे प्रमुख सेन सर, कलकत्त्याचे. रागावले की बंगालीत आणि खूष झाले की तुटक्या हिंदीत बोलायचे. त्यांना एका ढगाचं वेड होतं. त्याच्या मधोमध एक मोठा तरुण तारा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांचं म्हणणं, त्याच्या कडेला धुळीच्या आड आणखी एक आहे, त्याच्याहून नवा. कुणाला दिसला नव्हता. तो ढग बघायला आम्ही दोनदा फुगा सोडला. एकदा फुगा वर जाऊन फाटला, एकदा दुर्बीण फिरायलाच तयार होईना. तिसऱ्या वेळी वरून स्पष्ट सांगितलं गेलं: हे शेवटचं. यानंतर सर निवृत्त होणार होते आणि माझा संच कपाटात जाणार होता.

तिसरं उड्डाण सुरेख झालं. फक्त, दुर्बीण नेमकी त्या ढगाकडे वळली आणि खाली माहिती पाठवणारं यंत्र मुकं झालं. आमच्या पडद्यावर नुसती सरळ रेघ. तास-दीड तासानं ते पुन्हा बोलायला लागलं, तोवर ढगाची पाळी होऊन गेली होती. एकच आशा होती. सगळ्या नोंदींची एक प्रत दुर्बिणीवरच, वीटभर आकाराच्या ॲल्युमिनियमच्या पेटीत साठत असे. ती पेटी हातात आली तर सगळं आलं, नाही तर तिघांची मिळून गेलेली वर्षं पाण्यात. तिघं म्हणजे सर, मी आणि तो तारा.

पहाटे यंत्र उतरलं ते तेल्हारा तालुक्यात. आम्ही गाडी काढली आणि दुपारी चारच्या सुमाराला पोचलो. पऱ्हाटीच्या वावराला, म्हणजे कपाशीच्या शेताला, लागून गव्हाचं ओलीत होतं, आणि त्यात आमची दुर्बीण कुशीवर निजली होती. आरसा शाबूत. एक बाजू चेपलेली. आणि त्या बाजूची पेटी जागेवर नव्हती. चार स्क्रूंची चार भोकं तेवढी उरली होती. सर त्या भोकांवरून बोट फिरवत राहिले.

धुऱ्याजवळ, म्हणजे वावराच्या बांधाजवळ, बोरीखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. त्या दिवशी त्या वावरात रोडग्यांचा नैवेद्य होता. इतर जिल्ह्यांच्या वाचकांसाठी सांगते, रोडगे म्हणजे कणकेचे भरीव गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर तुपात कुस्करून खायचे. जेवणं आटोपली होती. आमच्या आधी ठाण्यातून एक जमादार येऊन पोचला होता आणि त्याच्या पद्धतीनं चौकशी चालली होती.

"सांगा बे, पेटी कोनं नेली? नाईतं एकेकाले ठान्यात घालतो!"

"आमाले नाई मालूम, साहेब," सगळ्यांचं एकच उत्तर.

मी पुढे झाले. म्हटलं, शिकलेल्या बाईनं नीट विचारलं तर सांगतील. "आपल्यापैकी कुणाच्या दृष्टीस एक धातूची पेटी पडली का? ती आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे."

एक म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, "दृष्टी तं अधू झाली बाई आता." मागे कुणीतरी खुसखुसलं. मी पुन्हा विचारलं, अजून शुद्ध. पुन्हा तेच, नाई मालूम. तासभर आम्ही दांडात, गव्हात, पऱ्हाटीत शोधलं. पाणी देण्याचा दांड चिखलानं भरलेला, त्यात हात घालघालून पाहिलं. शेवटी सर धुऱ्यावर बसले आणि त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होते, पण चष्मा असा खिशात ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. माझा धीर सुटला.

"अवो माय," मी त्या बोरीखालच्या बायकांकडे वळून ओरडलेच, "त्या पेटीत माही सहा वर्साची मेहनत हाय वो! पोलिसाले नका सांगू, पन मले तं सांगा!"

बोरीखाली एकदम हालचाल झाली. साठीची एक बाई पदर खोचत उठली. पुढे नाव कळलं, पंचफुलाबाई. वावर तिचंच.

"हे पाय! हे तं आपल्याच इकडची निघाली! कोनाची वो तू?"

"पातूरची. माळ्याची."

"मंग आतापावतर कावून तशी बोलून राहिली होती? आमाले वाटलं कलेक्टरीन हाय. चाल."

तिनं मला बोरीच्या पलीकडे नेलं. तिथे रोडगे भाजलेल्या जागी राखेचा नुसता ढीग होता.

"इथं हाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"फुफाट्यात."

आगीतून फुफाट्यात ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. माझी पेटी तिचं पालन करील असं वाटलं नव्हतं. फुफाटा म्हणजे निखारे विझत आल्यावर उरते ती गरम राख. मी कळवळून म्हटलं, "अवो, जळून गेली असन न ते! फुफाट्यात कावून ठेवली?"

ती माझ्यावरच उखडली. "तूच लिवलं न त्याच्यावर? माह्या सुनेनं वाचून दाखवलं, कोरड्या जागी ठेवा म्हून. पेटी पडेल होती दांडातल्या पान्यात, गच्च वली. वली पेटी कोरड्या जागी ठेवली तं जागा वली होते, पेटी काई कोरडी होत नाई. पयले वाळवा लागते. आन सुरक्षित म्हनशीन, तं जमादाराच्या बापाले सापडली नाई!"

असा तर्क जगातल्या कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत.

"पन जळाली असती तं?" मी पुटपुटले.

"मी काय येडी हाय? रोडगे काढून दोन घंटे झाले तवा ठेवली. आंधी हात धरून पायला, हात टिकला तवा ठेवली. आन तिकडच्या कोपऱ्यात नाई ठेवली. तिकडं खाली अजून अंगार हाय."

मी तिकडे पाहिलं. सगळी राख सारखीच दिसत होती, करडी आणि थंड. "तुमाले कसं समजलं, तिकडं हाय म्हून?"

"हात धर न वरून. दिसत नाई काई, पन लागते न? दिसाले सारखंच हाय, हाताले समजते."

मी हात धरला. खरंच, एका बाजूला नुसती ऊब, आणि त्या कोपऱ्यावर हात नेला की चटका. तोपर्यंत सर मागे येऊन उभे राहिले होते. "की बोलछे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पेटी समोर राखेत आहे हे ऐकूनही सरांनी आधी पेटी मागितली नाही. ते उकिडवे बसले, हात पालथा केला आणि राखेवरून हळूहळू डावीकडून उजवीकडे नेला. मग चार बोटं खाली येऊन उजवीकडून डावीकडे. आमची दुर्बीण आकाश बघते ती अगदी याच रीतीनं, ओळीमागून ओळ. कोपऱ्यावर त्यांचा हात थांबला. "इधर," ते म्हणाले. पंचफुलाबाई खूष झाली. "याहिले समजते," ती मला म्हणाली.

मग तिनं काडीनं राख सारून पेटी काढली आणि पदरानं पुसून माझ्या हातात दिली. सकाळच्या उन्हात ठेवलेल्या तांब्याइतकी ती कोमट होती. माझ्या सूचनेचा कागद कडेनं तपकिरी झाला होता, पण एकेक अक्षर वाचता येत होतं. मी त्या बाईच्या गळ्यात पडून रडले. जमादारानं 'पेटी मिळाली' एवढंच लिहून घेतलं. कुठे, हे मी सांगितलं नाही. फुफाटा हा शब्द पंचनाम्यात कसा बसवायचा, या पेचात त्याला कशाला टाकायचं?

तळावर परतल्यावर पेटी उघडली. एका कोपऱ्याचं रबर फाटलं होतं आणि आत पाणी गेल्याचा डाग होता, पण डागच होता, पाणी नव्हतं. राखेनंच पेटी वाचवली असं मी शपथेवर सांगणार नाही, विज्ञानात तशी शपथ घेत नाहीत. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसानं एवढं सांगितलं, की ओलीच राहिली असती तर दोन दिवसांत आतले सांधे गंजले असते. नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत होत्या. तो मुका दीड तास त्यात अख्खा होता.

नकाशा तयार व्हायला काही महिने गेले. दोन वेगवेगळ्या तरंगलांबींवर धुळीची उष्णता मोजायची आणि त्यांची तुलना करून कुठली धूळ किती तापली ते काढायचं, असं ते काम. मधला मोठा तारा अपेक्षेप्रमाणे होताच. आणि ढगाच्या कडेला, जिथे कुठल्याही छायाचित्रात नुसता काळोख होता, तिथे धूळ तापलेली निघाली. तिच्या पोटात कुणीतरी आहे, आणि ते नुकतं पेटलंय. सर पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी तळहात पालथा करून त्या जागेवर धरला. खोलीतल्या कुणालाच त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. सहा वर्षं जी चकती मी डोळ्यात तेल घालून घडवली, तिला ते लागलं होतं. त्या दिवसाइतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता, नंतरही नाही, आणि हे लिहिताना मी मुळीच लाजत नाही.

एक रुखरुख मात्र आहे. माझे वडील तोवर गेले होते. हयातभर ते मला विचारायचे, "बाई, तू तिथं पायतं तरी काय?" आणि मी त्यांना सांगायची, "बाबा, अवरक्त प्रारणाचा अभ्यास असतो." ते मान हलवायचे आणि पुन्हा सुईत शेवंती ओवायला लागायचे. चूल पेटवून हारांना बसणाऱ्या त्या माणसाला "बाबा, फुफाट्यात अंगार कुठं हाय ते पायतो आमी" एवढं म्हटलं असतं तर एका क्षणात सगळं कळलं असतं. तो शब्द माझ्याकडे होता. मीच तो जेवणाच्या टेबलावर टाकून दिला होता.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. सूचनेचा कागद नव्यानं लिहिला: 'हे अभ्यासाचं यंत्र हाय. भेऊ नका. उघडू नका, वाळवू नका. जसं हाय तसं राहू द्या आन पोलिसाले सांगा.' संस्थेच्या भाषा विभागानं त्यावर तांबड्या शाईनं प्रश्नचिन्ह काढलं. मी त्यांना तळाशी लिहून पाठवलं की यंत्र तुमच्या विभागात पडणार असेल तर जुनी सूचना चालेल. इतर गटांच्या पुढच्या उड्डाणांवर नवी चिकटली. दुसरी गोष्ट खरं तर सरांनी केली. शोधनिबंधाच्या शेवटी ज्यांनी मदत केली त्यांचे आभार मानतात. तिथे त्यांनी उपकरणाची नोंदपेटी वाळवल्याबद्दल पंचफुलाबाईंचं नाव घातलं. परीक्षकानं पत्र पाठवलं: या बाई कोणत्या संस्थेतल्या? सर मला म्हणाले, तुम ही बताओ. मी बाईच्या सुनेला फोन लावून विचारलं, सासूबाईंना विचार, तुम्ही कुठल्या म्हणून लिहू? मागून बाईंचा आवाज आला, "वावरातली म्हून सांग!" सरांनी तेच इंग्रजीत करून पाठवलं, आणि ते तसंच छापलं गेलं.

छापील निबंध आणि रंगीत नकाशा घेऊन मी स्वतः तेल्हाऱ्याकडे गेले. पंचफुलाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी नकाशा तिच्या पुढ्यात पसरला. सांगितलं, हा ढग, ही धूळ, हा मधला मोठा तारा, सगळ्यांना माहीत असलेला. आणि हा इथं कडेला आहे, तो आतापर्यंत कुणालाच दिसला नव्हता, डोळ्याला दिसतच नाही, आपल्या पेटीनं हाताला लागल्यासारखा दाखवला.

"फुफाट्यातला अंगार," ती म्हणाली.

"हो."

मग तिनं निबंध मागितला. "याच्यात माहं नाव कोनतं?" मी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, मराठीही सुनेकडूनच वाचून घ्यायची. तरी ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, सावकाश, डावीकडून उजवीकडे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्या नाही. तिला पुढचं काम होतं. तिनं कागद उचलला, कुंपणापाशी गेली आणि शेजारणीला हाक मारली.

"अवो, इकडं ये! आभाळात नवा तारा भेटला, हे पाय! कोनालेच दिसत नव्हता. म्या पेटी वाळवली, म्हून दिसला!"